डब्यात किती तेल साठलं, हा प्रश्नच अपुरा आहे

माझ्या मामाचा सहाचाकी डिझेल टेम्पो आहे. जुन्नरहून माळशेजमार्गे वाशी मार्केटला टोमॅटो नेतो. एकदा मिस्त्रीने टर्बोकडे जाणारा पाइप काढून दाखवला, तर तो आतून तेलाने ओला. मामा म्हणाला, "तू हवेतल्या थेंबांवरच पीएचडी करतोस ना? मग हे थांबवून दाखव." त्यातून आम्ही घरी एक कॅच कॅन बनवला आणि मी प्रयोगाच्या आखणीत अशी चूक केली की ती तुम्हाला सांगायलाच हवी.

आधी मूळ भानगड समजून घ्या. पिस्टनच्या रिंगा कितीही चांगल्या असल्या तरी ज्वलनाचा थोडा वायू त्यांच्या फटीतून खाली क्रँककेसमध्ये उतरतो. याला ब्लो-बाय म्हणतात. तो कोंडला तर दाब वाढतो आणि तेल सीलमधून बाहेर यायला लागतं, म्हणून ब्रीदर असतो. जुन्या इंजिनांत ब्रीदरची नळी सरळ रस्त्याकडे उघडी असायची. आता ती बहुधा टर्बोच्या आधी हवेच्या पाइपला जोडतात, म्हणजे तो वायू पुन्हा जळतो. पण वायूबरोबर तेलाचं धुकंही जातं. ते टर्बो आणि इंटरकूलरमध्ये बसतं, आणि ईजीआर असेल तर काजळीत मिसळून डांबरासारखा थर होतो. कॅच कॅन म्हणजे या वाटेवर ठेवलेला डबा: वायू जावा, तेल राहावं.

आम्ही स्टीलचा डबा घेतला, दोन नळ्या वेल्ड करून घेतल्या आणि आत भांडी घासायच्या स्टीलच्या घासण्या दाबून भरल्या. पंधरा दिवसांनी ग्लासभर दुधाळ काळपट तेल निघालं. (दुधाळ रंग पाण्याच्या वाफेचा, म्हणून हे तेल इंजिनात परत ओतू नका.) मी फोटो काढून घरच्या ग्रुपवर टाकला. महिन्याभरात डिपस्टिक आपोआप वर आलेली दिसली, आणि मग मागच्या ऑइल सीलमधून तेल ठिबकायला लागलं. ते सील बदलायला गिअरबॉक्स उतरवावा लागतो. ऐन टोमॅटोच्या दिवसांत गाडी उभी राहिली. मिस्त्रीचं निदान एका वाक्याचं होतं: "तुमच्या डब्याने इंजिनाचा श्वास कोंडला."

म्हणजे आम्ही एकच गोष्ट मोजत होतो, पकडलेलं तेल. निसटलेलं किती आणि दाब किती वाढला, हे दोन्ही मोजलंच नव्हतं.

निसटण्याचा हिशोब थेंबाच्या आकारावर आहे. वायू वळतो तेव्हा थेंब जडत्वामुळे सरळ जायला बघतो आणि समोरच्या तारेवर आपटतो. हवेच्या विरोधामुळे थांबेपर्यंत तो जे अंतर कापतो, ते व्यासाच्या वर्गावर ठरतं. सेकंदाला ५ मीटर वेग धरला, तर १० मायक्रॉनच्या तेलाच्या थेंबाला सुमारे सव्वा मिलिमीटर मिळतो, आणि १ मायक्रॉनच्या थेंबाला जेमतेम ०.०१५ मिलिमीटर. व्यास दहापट कमी, अंतर जवळपास शंभरपट कमी! म्हणून मोकळा डबा मोठे थेंबच धरतो. बारीक थेंबांना तितकीच बारीक तार लागते. गंमत अशी की सर्वांत लहान थेंब सर्वांत अवघड नसतात. ते हवेच्या रेणूंच्या धक्क्यांनी इकडेतिकडे भरकटतात आणि तारेला चिकटतात. निसटतात ते मधले, साधारण ०.१ ते ०.५ मायक्रॉनचे.

मग मी म्हटलं, मागे तसाच दुसरा डबा लावू. समजा पहिल्यात ४० ग्रॅम आलं आणि दुसऱ्यात ४. पहिल्यातून दहावा हिस्साच सुटला, म्हणजे कार्यक्षमता ९० टक्के? मी हे वहीत लिहूनही ठेवलं होतं. पण या गणितात एक गृहीतक लपलंय: दोन्ही डब्यांत येणारं धुकं सारखंच आहे. ते नसतं. मोठे थेंब पहिल्यानेच काढून घेतलेले असतात, दुसऱ्याला उरलेली बारीक पिलावळ मिळते आणि तीही बरीचशी निसटते. त्यामुळे ९० हा आकडा फुगलेला निघतो. प्रबंधात असा आकडा आला, तर परीक्षक इथेच बोट ठेवतील.

प्रवासाचंही तसंच. मामाची गाडी जाताना भरलेली घाट उतरते आणि येताना रिकामी चढते. ब्लो-बाय लोडप्रमाणे बदलतो, तेव्हा एका आठवड्याच्या तेलाची दुसऱ्याशी तुलना करायची तर निदान फेऱ्या आणि माल तरी सारखे हवेत.

दाब मोजायला मात्र महागडं काही लागत नाही. गवंड्याची पारदर्शक लेव्हल पाइप घ्या, यू आकारात बांधा, निम्मी पाण्याने भरा आणि एक टोक डिपस्टिकच्या नळीला घट्ट बसवा. यू चांगला उंच ठेवा, नाहीतर पाणी इंजिनात ओढलं जाईल. दोन बाजूंच्या पातळीत १ सेंटिमीटर फरक म्हणजे सुमारे ९८ पास्कल. पहिलं रीडिंग डबा न लावता घ्यायचं. मी नेमकं तेच वगळलं होतं. मग त्याच आरपीएमला, इंजिन तितकंच गरम असताना, डबा लावून घ्यायचं.

नवा डबा मोठा केला. नळ्या ब्रीदरच्या मूळ नळीपेक्षा बारीक नाहीत, पाइप तेलाने न फुगणारा नायट्राइल रबराचा, आणि वाटेत कुठे झोल नाही, कारण झोलात तेल साचलं की वाट बंद. जाळी सैल भरली आणि दोन्ही बाजूंनी छिद्रांच्या पत्र्यात अडकवली. तारेचा तुकडा सुटून टर्बोत गेला तर टर्बोची वाट लागेल. खाली ड्रेन कॉक आणि बाहेरून पातळी दिसेल अशी नळी.

ही नळी हौसेची नाही. डबा काठोकाठ भरला आणि ते तेल एकदम इंजिनात ओढलं गेलं, तर डिझेल इंजिन त्या तेलावरच पळत सुटतं आणि चावी बंद केली तरी थांबत नाही. म्हणून मामा आता दर रविवारी कॉक उघडतो. निघालेलं तेल मी वजन करून लिहून ठेवतो, पण शेजारच्या रकान्यात लेव्हल पाइपचा आकडा नसेल तर ती ओळ खोडतो.