वळिवड्याची पोलिश छावणी
सशस्त्र संघर्षामुळे घरदार सुटलेल्यांना निवारा, अन्न, औषधोपचार व शिक्षण पुरवणे म्हणजे मानवतावादी साहाय्य होय, आणि त्याचे महाराष्ट्रातील ठळक उदाहरण कोल्हापूरजवळील वळिवडे येथे १९४३ ते १९४८ या काळात घडले. दुसऱ्या महायुद्धात सोव्हिएत राजवटीने पूर्व पोलंडमधून हद्दपार केलेली आणि १९४१च्या पोलंड-सोव्हिएत करारानंतर सुटका होऊन इराणमार्गे भारतात आलेली सुमारे ५,००० माणसे, ज्यांत स्त्रिया व मुलेच बहुसंख्य होती, येथे राहिली. छावणीत शाळा, रुग्णालय व चर्च असल्याने ही मदत शिध्यापुरती न उरता विस्कटलेले समाजजीवन पुन्हा सावरणारी ठरली. निर्वासितांचे हक्क निश्चित करणारा संयुक्त राष्ट्रांचा करार मात्र त्यानंतर, १९५१ साली झाला.