शेजारचा मांडव

डिसेंबर १८९५मध्ये पुण्यात राष्ट्रीय सभेचे अकरावे अधिवेशन भरले. अध्यक्ष होते सुरेंद्रनाथ बॅनर्जी. पण त्या वर्षी पुण्यात ठरावांपेक्षा जास्त गाजला तो मांडव. न्या. महादेव गोविंद रानडे आणि दिवाणबहादूर रघुनाथराव यांनी १८८७ साली मद्रासला सामाजिक परिषद सुरू केली, तेव्हापासून एक रीत पडली होती. राष्ट्रीय सभा उठली की त्याच गावात, बहुधा त्याच मांडवात, सामाजिक परिषद बसायची. देशभरातून आलेली माणसे एका प्रवासखर्चात दोन्हीकडे हजेरी लावत. पुण्यात टिळकपक्षाने या रीतीला विरोध केला. सभेच्या वर्गणीदारांच्या पैशातून उभा राहिलेला मांडव सुधारकांना का द्यायचा, असा प्रश्न होता. शेवटी रानड्यांनी माघार घेतली आणि सामाजिक परिषद वेगळ्या मांडवात भरली. तोही मांडव जाळण्याच्या धमक्या आल्या होत्या, याची नोंद डॉ. आंबेडकरांनी जातिसंहारावरील १९३६च्या भाषणात केली आहे. ते भाषणही झाले नाही. मजकूर वाचून लाहोरच्या यजमान मंडळाने परिषदच रद्द केली.

हा इतिहास उकरून काढण्याचे कारण आजचे आणि थेरगावातले आहे. मुक्त सॉफ्टवेअरवर काम करणारा आमचा दहा-बारा जणांचा गट इथे आहे. बहुतेकांची नोकरी डांगे चौकापलीकडे हिंजवडीत आणि बिऱ्हाड थेरगाव-वाकडला. पुढच्या वर्षी आम्हाला एक लोकवर्गणीची सॉफ्टवेअर परिषद भरवायची आहे. त्याच सुमारास काही स्नेही स्वयंसेवी संस्थांसाठी तंत्रज्ञान मेळावा भरवू पाहत आहेत. दोन्ही एकाच वेळी, शेजारी शेजारी लावता येतील का, हे पाहण्याचे काम माझ्याकडे आले. त्यासाठी जुन्या-नव्या जोडपरिषदा धुंडाळताना जे हाती लागले, ते इथे मांडतो आहे.

जोडण्याच्या तीन रीती

आधी या दोन मेळाव्यांचा स्वभाव पाहू. मुक्त सॉफ्टवेअर म्हणजे ज्याची मूळ संहिता कोणालाही वाचता, बदलता आणि वाटता येते असे सॉफ्टवेअर. ते लिहिणारे अनेकदा पगारी नसतात आणि एकमेकांना पत्रव्यवहारातूनच ओळखतात. त्यांची परिषद म्हणजे वर्षातून एकदा समोरासमोर बसण्याची संधी. संस्थांचा मेळावा वेगळा असतो. तिथे येतो तो सॉफ्टवेअर वापरणारा. लसीकरणाच्या नोंदी, देणगीदारांच्या याद्या, वस्तीशाळेतली हजेरी हे सारे सांभाळणारा माणूस. पहिल्याने लिहिलेले दुसरा वापरतो, पण दोघांची गाठ क्वचितच पडते.

ही गाठ घालण्याचा प्रयत्न जगात झालेला आहे. सिव्हीसीआरएम हे संस्थांचे सभासद, देणग्या आणि कार्यक्रम यांच्या नोंदी ठेवणारे मुक्त सॉफ्टवेअर २००५ साली आले. त्याच्या संस्थापकांपैकी एक डोनाल्ड लोबो. याहूच्या सुरुवातीच्या अभियंत्यांत ते होते आणि पुढे भारतातल्या संस्थांसाठी ‘प्रोजेक्ट टेकफॉरडेव्ह’ हा उपक्रम त्यांनी उभारला. सिव्हीसीआरएम ज्या ड्रुपलवर चालते, त्या ड्रुपलची मोठी परिषद एप्रिल २०१०मध्ये सॅन फ्रान्सिस्कोत झाली. ती संपली त्याच्या दुसऱ्या दिवशी त्याच शहरात सिव्हीसीआरएमवाल्यांनी आपली पहिली परिषद घेतली. २०१२मध्ये ‘एनटेन’ या अमेरिकी संस्थेची वार्षिक तंत्रज्ञान परिषद सॅन फ्रान्सिस्कोत आली, तेव्हा सिव्हीसीआरएमची परिषदही त्याच आठवड्यात भरली. पहिल्या वेळी शेजार होता सॉफ्टवेअर लिहिणाऱ्यांचा, दुसऱ्या वेळी वापरणाऱ्यांचा. ही झाली ‘पाठोपाठ’ची रीत. रानड्यांची रीतही हीच होती.

दुसरी रीत ‘पोटातली’. ब्रसेल्सच्या विद्यापीठात दरवर्षी फेब्रुवारीच्या सुमारास फॉसडेम भरते. २०००मध्ये सुरू झालेल्या या मेळाव्याला प्रवेशशुल्क नाही. प्रत्येक प्रकल्पाला एक खोली मिळते आणि तिचा कार्यक्रम तो प्रकल्पच ठरवतो. पुण्यातही ही रीत रुजली होती. मॉडेल कॉलनीतल्या सिम्बायोसिसच्या संगणक संस्थेत २००३पासून विद्यार्थ्यांनी पुणे लिनक्स यूजर्स ग्रुपच्या साथीने ‘ग्नूनिफाय’ चालवले. मोझिला, फेडोरा, विकिपीडिया यांची मंडळी त्याच छपराखाली आपापली सत्रे घेत. या रीतीत पाहुण्याला छप्पर आयते मिळते. मात्र तारीख, जागा आणि जेवणाची वेळ ठरवतो यजमान.

तिसरी रीत समांतर, किंबहुना विरोधी. साहित्याच्या वाचकांना ती सांगायला नको. १९९९मध्ये मुंबईत सुरू झालेले विद्रोही साहित्य संमेलन पुढे नाशिक, वर्धा, अमळनेर अशा ठिकाणी अखिल भारतीय संमेलनाच्या शेजारीच भरत आले. शेजार आहे, पण तो प्रश्न विचारण्यासाठी. मांडव मागितला नाही, म्हणून तो नाकारला जाण्याचा प्रश्नही आला नाही.

रीत न ठरवता नुसते एका प्रदेशात असणे पुरत नाही, हे २०११च्या उदाहरणातून कळते. त्या वर्षी सप्टेंबरमध्ये पुण्याच्या विमाननगरला पायकॉन इंडिया झाली. नोव्हेंबरच्या पहिल्या आठवड्यात सीओईपीत फेडोराची फडकॉन झाली. त्यानंतर दोन आठवड्यांनी मुंबई विद्यापीठात विकिपरिषद झाली. नऊ-दहा आठवड्यांत तीन मोठ्या परिषदा, तिन्ही स्वयंसेवकांच्या बळावर, आणि तिन्हींना वेगळे सभागृह, वेगळी वर्गणी, वेगळा प्रवास. याच्या उलट अडचणही येते. फेब्रुवारी २०२४मध्ये केडीईची भारतीय परिषद सीओईपीत भरली आणि त्याच शनिवार-रविवारी ब्रसेल्सला फॉसडेम होती. दोन्हीकडे जाऊ शकणाऱ्या माणसाला एक निवडणे भाग पडले. तारखा लांब पडल्या तर प्रवास दोनदा घडतो आणि एकमेकींवर आल्या तर एकदाही नीट घडत नाही.

पैसा कोणाच्या खात्यात

आपल्याकडे जोडपरिषदेचा पहिला कठीण प्रश्न हिशेबाचा आहे. पिंपरी-चिंचवड ते चाकण या पट्ट्यात मोठ्या कंपन्या इतक्या आहेत की पैशाची काळजी नसावी, असे वाटते. कंपनी कायदा २०१३च्या कलम १३५प्रमाणे ५०० कोटींची निव्वळ मालमत्ता, १,००० कोटींची उलाढाल किंवा ५ कोटींचा निव्वळ नफा यांपैकी एक अट पूर्ण करणाऱ्या कंपनीला मागच्या तीन वर्षांच्या सरासरी नफ्याच्या २ टक्के रक्कम सामाजिक कामावर खर्च करावी लागते. साहजिकच आमच्या गटात पहिली सूचना आली ती हा निधी मागण्याची.

पण जून २०१४च्या सरकारी परिपत्रकाने मॅरेथॉन, पुरस्कार, प्रायोजकत्व असे एकवेळचे कार्यक्रम या खर्चातून वगळले होते. दोन दिवसांची परिषद त्याच वर्गात मोडण्याचा धोका आहे. कंपनीने फलकावर नाव लावून पैसे दिले तर ते जाहिरातीच्या खात्यातून यावेत, हे सरळ. संस्थेच्या कार्यकर्त्यांचे वर्षभराचे प्रशिक्षण हा मात्र प्रकल्प होऊ शकतो आणि परिषद त्यातला एक टप्पा ठरू शकते.

दुसरी गाठ परदेशी देणगीची. विदेशी योगदान नियमन कायद्यात २०२० साली झालेल्या दुरुस्तीनंतर अशी देणगी घेणाऱ्या संस्थेला ती रक्कम दुसऱ्या कोणत्याही संस्थेकडे वळवता येत नाही. प्रशासकीय खर्चाची मर्यादाही ५० टक्क्यांवरून २० टक्क्यांवर आली. म्हणजे मेळावा भरवणाऱ्या संस्थेकडे परदेशी पैसा असेल, तर ‘सभागृहाचे निम्मे भाडे आम्ही तुमच्याकडे जमा करतो’ असे स्नेहभावाने म्हणणेही तिला अडचणीत आणू शकते. आमच्या गटाची तर नोंदणीच नाही, त्यामुळे आमच्या नावे बँकेत खाते नाही. उपाय साधा आहे. मंडपवाला, आचारी, ध्वनिव्यवस्था यांची बिले सुरुवातीपासून दोन नावांवर फाडायची आणि दोन्ही यजमानांनी आपापला वाटा थेट चुकवायचा. चूल एक, वह्या दोन.

वार कोणता

आता थेरगावचा खास प्रश्न. बाहेरचा माणूस विचारेल, शनिवार-रविवार घ्या की. हिंजवडीच्या नोकरदाराला ते सोयीचे आहे. पण विजेचा ताण विभागण्यासाठी औद्योगिक वसाहतींच्या साप्ताहिक सुट्ट्या वेगवेगळ्या वारांना वाटल्या गेल्या, त्यात पिंपरी-चिंचवड-भोसरीच्या वाट्याला गुरुवार आला. आजही इथल्या असंख्य कारखान्यांची आणि वर्कशॉपची सुट्टी गुरुवारी असते. संस्थांचा कार्यकर्ता ज्या कामगारवस्तीत फिरतो, तिथली माणसे गुरुवारी घरी सापडतात, म्हणजे गुरुवार हा त्याच्या कामाचा सर्वांत मोठा दिवस. रविवारी त्याला घर असते. संस्थेच्या कामासाठी आला तर त्याला बदली सुट्टी मिळायला हवी आणि लहान संस्थेत तीच मिळत नाही.

म्हणून आम्ही सध्या अशा आखणीवर आलो आहोत. शुक्रवार संस्थांच्या मेळाव्याचा. रविवार सॉफ्टवेअरवाल्यांचा. मधला शनिवार दोघांचा, आणि तोच खरा कार्यक्रम. गुरुवार मुद्दाम मोकळा ठेवला. त्या दिवशी कार्यकर्ते वस्तीत असतात, शिवाय देखभालीसाठी वीज बंद ठेवण्याचा दिवसही बहुधा तोच. सभागृह पाहताना खुर्च्यांआधी जनित्र आणि पाण्याची टाकी पाहायची, हेही ठरले. नोव्हेंबर २०१९पासून शहराला दिवसाआड पाणी येते आणि दोनशे माणसांच्या जेवणाला ते ध्यानात ठेवावेच लागते. मेट्रो पिंपरीपर्यंत आहे. तिथून थेरगावला यायला बस किंवा रिक्षा लागते, म्हणून कार्यक्रम सहाच्या आत आटोपायचा. महिला कार्यकर्त्या मोठ्या संख्येने याव्यात असे वाटत असेल, तर ही वेळ सत्रांच्या विषयांइतकीच महत्त्वाची आहे.

शनिवारी काय करायचे

शनिवारी नुसती भाषणे ठेवली तर दोन गट दोन बाजूंना बसतात. त्यापेक्षा मुक्त सॉफ्टवेअरच्या जगात रूढ असलेली ‘स्प्रिंट’ ही पद्धत उपयोगी आहे. छोट्या गटाने एका टेबलाभोवती बसून ठरलेले काम त्याच दिवशी पुढे न्यायचे. छत्तीसगडमधल्या गनियारीच्या जन स्वास्थ्य सहयोग रुग्णालयात बाह्मणी ही मुक्त रुग्णालयप्रणाली घडली, ती डॉक्टर आणि परिचारिका यांच्या शेजारी बसूनच. आमच्या टेबलावर संस्थेने आपला खरा अर्ज आणायचा, नावे खोडून. कार्यकर्तीने तो मोबाइलवर भरून दाखवायचा आणि पहिली पंधरा मिनिटे संगणकवाल्यांनी तोंड उघडायचे नाही, फक्त पाहायचे. ती कुठे थांबते? आडनाव आणि नवऱ्याचे नाव यांचे रकाने कुठे अडतात? जन्मतारीख माहीत नसलेल्या मुलाचे काय करते? बोलणे मराठीतच होईल, कारण अडचण परक्या भाषेत सांगताना माणूस ती निम्मी गिळतो.

यात पणाला काय लागले आहे, ते एका उदाहरणाने सांगतो. बांधकामावरच्या मजुरांच्या मुलांसाठी काम करणाऱ्या एका लहान संस्थेने काही वर्षांच्या शाळा-नोंदी एका विकत घेतलेल्या सॉफ्टवेअरमध्ये भरल्या. पुरवठादाराने ते बंद केले. नोंदी हाती आल्या त्या छापील पानांच्या चित्रांच्या रूपात, ज्यांत काही शोधता येत नाही. कुटुंब एका साइटवरून दुसऱ्या साइटवर गेले की मूल कोणत्या इयत्तेत होते, हे सांगणारा तो एकच कागद होता. यावर ‘मुक्त सॉफ्टवेअर घ्या’ हे उत्तर अपुरे आहे. मुक्त सॉफ्टवेअरही बेवारस पडते. लिहिणाऱ्याची नोकरी बदलते, आणि संहिता उघडी असली तरी ती वाचायला कोणी उरत नाही. म्हणून शनिवारच्या टेबलावर दोन्ही प्रश्न विचारता आले पाहिजेत. संस्थेने आम्हाला विचारावे, तीन वर्षांनी हे कोण सांभाळणार? आम्ही संस्थेला विचारावे, नोंदी बाहेर काढण्याची अट करारात घातली होती का? विद्रोही संमेलनाच्या रीतीतून हे घेण्यासारखे आहे. शेजाऱ्याला प्रश्न विचारायचा हक्क आधीच मान्य असेल, तर शेजार टिकतो.

रानड्यांच्या परिषदेतून घ्यायचे ते वेगळे. मांडव सौजन्याने मिळालेला असेल, तर सौजन्य संपताच तोही जातो. म्हणून सभागृह कोणाच्या नावे, एकाने तारीख बदलली तर दुसऱ्याचे काय, निमंत्रितावर एका बाजूने हरकत घेतली तर निर्णय कोणाचा, हे एका पानावर लिहून दोघांनी सही करायची. मैत्री आहे तोवर हे पान लिहिणे सोपे जाते.

नमुना म्हणून माझ्या डोळ्यांसमोर आमच्याच भागातल्या दोन पालख्या आहेत. देहूहून तुकोबांची निघते, आळंदीहून माउलींची. पुण्यात दोन्हींचा मुक्काम होतो. पुढे एक लोणी काळभोरला जाते, दुसरी दिवेघाट चढून सासवडला. पंढरपूरच्या अलीकडे वाखरीला त्या पुन्हा जवळ येतात. चोपदार वेगळे, दिंड्यांचे क्रम वेगळे, हिशेब वेगळे. मुक्काम कुठे एकत्र आणि वाट कुठे वेगळी, हे मात्र सगळ्यांना आधीपासून ठाऊक असते. आमच्या शुक्रवार-शनिवार-रविवारच्या कागदावर सध्या एवढेच लिहिले आहे. सभागृहाची चौकशी चालू आहे. शनिवारच्या टेबलांसाठी पहिले सात अर्ज आले आहेत, त्यांतले पाच हाताने लिहिलेले आहेत.