आवाजाचे मिश्रण : आधी पूर्वमशागत, मग लागण



पूर्वी ऊस विकासाची माहिती द्यायची म्हणजे गटात सभा घ्यावी लागे, नाहीतर पत्रक काढावे लागे. आता गावोगावची शिकती मुले-मुली मोबाईल घेऊन शिवारातच फिल्म तयार करतात. रोपलागण, पाचट आच्छादन, ठिबकची देखभाल, खोडव्याची निगा असे विषय ती निवडतात. ही मोठ्या समाधानाची गोष्ट आहे. परंतु यांपैकी बऱ्याच फिल्म पाहताना एक उणीव सारखी जाणवते. चित्र स्वच्छ असते, आवाज मात्र कळत नाही. कुठे वारा घोंघावतो, कुठे मोटारीची घरघर, कुठे संगीतच एवढे मोठे की बोलणे त्यात बुडून जाते. कुठे ओठ हलतात एकीकडे आणि शब्द येतो दुसरीकडे.

कुणी म्हणेल, "चित्र दिसतंय ना? मग आवाजाचं एवढं काय घेऊन बसलात?" बेणेप्रक्रियेची फिल्म घ्या. टिपरी द्रावणात बुडवलेली चित्रात दिसतात. पण १०० लिटर पाण्यात औषध किती ग्रॅम आणि टिपरी किती मिनिटे बुडवायची, हे चित्र सांगत नाही. ते फक्त बोलण्यातून कळते. 'वीस'च्या जागी 'तीस' ऐकू आले तर नुकसान फिल्म करणाऱ्याचे होत नाही, ऐकणाऱ्याच्या प्लॉटचे होते. शिवाय घरातली वडीलधारी माणसे, ज्यांना थोडे कमी ऐकू येते, तीच ही माहिती लक्ष देऊन ऐकत असतात.

चांगला माईक असला म्हणजे सारे झाले, असाही एक समज आहे. माईक हवाच. पण काम बिघडते ते बहुधा संगणकावर आवाज आणि चित्र एकत्र करताना, आणि तेही सुरुवातीची मांडणी न केल्यामुळे. जमीन न नांगरता सरी सोडावी तसा हा प्रकार आहे. म्हणून ही मांडणी कशी करावी, हे आम्ही या लेखात क्रमाने सांगत आहोत.

१. साधने कोणती लागतात?

आवाजाच्या कामाला वेगळे सॉफ्टवेअर असते. येथे आम्ही 'रीपर' हे उदाहरण घेतले आहे. ते आकाराने लहान आहे, साध्या संगणकावरही चालते आणि चित्र समोर ठेवून आवाज मिसळता येतो. ६० दिवस ते पूर्ण स्वरूपात वापरून पाहता येते, त्यानंतर रीतसर परवाना घ्यावा. संगणक जोरकस असेल तर 'डाव्हिन्ची रिझॉल्व्ह'ची मोफत आवृत्तीही आहे. तिच्यात चित्राची काटछाट आणि आवाज ही दोन्ही कामे एकाच ठिकाणी होतात. सॉफ्टवेअर कोणतेही असो, खालचे नियम तेच राहतात.

विंडोजच्या संगणकावर रीपरमध्ये चित्र दिसत नसेल तर 'व्हीएलसी' हे मोफत सॉफ्टवेअर बसवावे. रीपर ६४ बिटचे असेल तर व्हीएलसीही ६४ बिटचेच हवे. पुष्कळांचे घोडे इथेच अडते.

हेडफोन वायरचेच वापरावेत. ब्लूटूथच्या हेडफोनमध्ये आवाज उशिरा पोचतो. तो ऐकून तुम्ही जुळवाजुळव केलीत तर जे मुळात बरोबर होते तेच बिघडवून ठेवाल.

२. सामान एका जागी आणि चित्र एका चालीचे

प्रत्येक फिल्मसाठी संगणकावर एक स्वतंत्र फोल्डर करावे आणि चित्र, बोलणे, संगीत सगळे त्यातच ठेवावे. रीपरमध्ये पहिल्यांदा 'सेव्ह' करताना प्रोजेक्टसाठी वेगळे फोल्डर करण्याची आणि सर्व सामान त्यात आणण्याची खूण असते, ती करावी. पेन ड्राइव्हवरची फाईल तशीच वापरली आणि पेन ड्राइव्ह काढला, की दुसऱ्या दिवशी आवाज गायब.

दुसरी गोष्ट मोबाईलच्या चित्राची. फिल्म म्हणजे भराभर दाखवलेली स्थिर चित्रे. अशा एका चित्राला फ्रेम म्हणतात. आपल्या देशात टीव्हीसाठी सेकंदाला २५ फ्रेमची पद्धत आहे, म्हणजे एक फ्रेम ४० मिलिसेकंद टिकते. मोबाईल मात्र बऱ्याच वेळा ही गती एकसारखी ठेवत नाही. उजेड कमी झाला की फ्रेम कमी घेतो, वाढला की जास्त. असे चित्र सुरुवातीला आवाजाशी जुळते आणि दहा मिनिटांनी सुटते. यावर उपाय म्हणजे काम सुरू करण्यापूर्वी ते 'हँडब्रेक' या मोफत सॉफ्टवेअरमधून काढावे आणि तेथे 'कॉन्स्टंट फ्रेमरेट' ही खूण करावी. शेवाळलेल्या ड्रिपरखाली कुठे जास्त तर कुठे कमी पाणी पडते, ती नळी साफ करून घेतल्यासारखेच हे आहे.

तिसरी गोष्ट : चित्राची काटछाट आधी पूर्ण करावी आणि मगच आवाजाला हात घालावा. आवाज मिसळून झाल्यावर मधले दहा सेकंद कापले, तर पुढचे सगळे सरकते आणि काम पहिल्यापासून करावे लागते.

३. प्रोजेक्टचे दोन आकडे

रीपर उघडल्यावर 'फाईल'मध्ये 'प्रोजेक्ट सेटिंग्ज' असते. तेथे दोन आकडे भरायचे. सगळ्या मांडणीत हे दोन मुख्य.

पहिला आकडा ४८,०००. संगणक आवाज सलग साठवत नाही. तो सेकंदाला हजारो वेळा आवाजाचा नमुना घेतो, जसे कारखान्यात उसाच्या रसाचे नमुने घेऊन उतारा ठरवतात. संगीताच्या सीडीसाठी सेकंदाला ४४,१०० नमुने ही पद्धत आहे, तर चित्राबरोबरच्या आवाजासाठी ४८,००० ही. ४४,१०० वर घेतलेला आवाज एखाद्या यंत्राने ४८,००० चा समजून वाजवला तर काय होईल? ६० मिनिटांचे भाषण ५५ मिनिटांतच आटोपेल आणि वक्त्याचा आवाज बारीक, किरटा येईल. आजची सॉफ्टवेअर बहुधा हा फरक स्वतःच भरून काढतात. तरीही रेकॉर्डरवर, प्रोजेक्टमध्ये आणि शेवटच्या फाईलमध्ये ४८,००० हा एकच आकडा ठेवला की घोटाळ्याला जागाच राहत नाही.

दुसरा आकडा फ्रेमच्या गतीचा. चित्र २५ चे असेल तर २५, ३० चे असेल तर ३०. अंदाजाने भरू नये, चित्राच्या फाईलची माहिती उघडून पाहावी. रिझॉल्व्ह वापरणाऱ्यांनी विशेष काळजी घ्यावी. त्यात एकदा काम सुरू झाले की ही गती बदलता येत नाही.

याशिवाय 'प्रेफरन्सेस'मध्ये 'ऑडिओ डिव्हाइस' असते. तेथे आपले साऊंड कार्ड निवडावे. 'बफर' किंवा 'ब्लॉक साईझ' म्हणून आकडा असतो, तो मिश्रणासाठी १,०२४ ठेवावा. याचा अर्थ संगणक सुमारे २१ मिलिसेकंदांचा आवाज हाताशी साठवून मग वाजवतो. शेततळ्यात पाणी असले म्हणजे वीज थोडी मागेपुढे झाली तरी पाळी चुकत नाही, त्यातलाच हा प्रकार. आकडा फार लहान ठेवला तर जुना संगणक धापा टाकतो आणि आवाज तुटतो.

४. ओठ आणि शब्द जुळवणे

चित्र पहिल्या ट्रॅकवर ओढून आणावे आणि कंट्रोल, शिफ्ट व व्ही ही बटणे एकदम दाबून चित्राची खिडकी उघडावी. मोबाईलने घेतलेला आवाज त्या चित्राबरोबरच येतो. वेगळ्या रेकॉर्डरवर घेतलेले बोलणे दुसऱ्या ट्रॅकवर ठेवावे. आता दोन्ही जुळवायचे कसे?

चित्रीकरण सुरू होताच कॅमेऱ्यासमोर एक खणखणीत टाळी वाजवावी. सिनेमावाले पाटी आपटतात ती याचसाठी. १९३२ साली कोल्हापुरात प्रभात कंपनीने 'अयोध्येचा राजा' हा पहिला मराठी बोलपट काढला. तेव्हापासून आजपर्यंत यंत्रे किती बदलली, पण चित्र आणि आवाज यांना एक सामाईक खूण लागते हे काही बदललेले नाही. टाळीचा आवाज पडद्यावर उंच सुळक्यासारखा दिसतो. दोन्ही ट्रॅकवरचे सुळके एकमेकांखाली आणले की जुळणी झाली. मग मोबाईलच्या आवाजाची दांडी पूर्ण खाली करावी. 'म्यूट'चे बटण मात्र दाबू नये, रीपरमध्ये त्याने चित्रही नाहीसे होते.

फिल्म लांबलचक असेल तर शेवटीही एक टाळी घ्यावी. मोबाईल आणि रेकॉर्डर यांची अंतर्गत घड्याळे वेगळी असतात. तासाभरात त्यांच्यात किंचित फरक पडू शकतो आणि शेवटची टाळी तो लगेच दाखवते.

जुळणी किती काटेकोर हवी? लांबच्या बांधावर कुणी लाकूड फोडत असेल तर कुऱ्हाड पडलेली आधी दिसते आणि आवाज मागून येतो. आवाज सेकंदाला सुमारे ३४० मीटर जातो, म्हणून १०० मीटरवरचा घाव जवळपास पाव सेकंदाहून थोडा जास्त उशिरा ऐकू येतो. आपल्या कानाला या उशिराची जन्मापासून सवय आहे. उलटा प्रकार, म्हणजे आवाज आधी आणि घाव नंतर, निसर्गात होतच नाही. म्हणूनच आंतरराष्ट्रीय दूरसंचार संघाच्या शिफारशीनुसार आवाज सुमारे १२५ मिलिसेकंद मागे पडेपर्यंत प्रेक्षकाच्या ध्यानात येत नाही. पण तो ४५ मिलिसेकंद पुढे गेला, म्हणजे जेमतेम एका फ्रेमएवढा, की लगेच खटकतो. तेव्हा शंका असेल तर आवाज पुढे ठेवण्यापेक्षा एक फ्रेम मागे ठेवलेला बरा.

५. ट्रॅकची वाटणी आणि पातळी

चार ट्रॅक पुरतात : निवेदन, मुलाखत, शिवारातला आवाज आणि संगीत. प्रत्येकाला नाव द्यावे. सगळे एकाच ट्रॅकवर टाकले तर एकाची पातळी हलवताना दुसऱ्याचीही हलते.

संगणकात आवाजाची कमाल मर्यादा शून्य डेसिबल आहे. त्याखालचे सगळे आकडे उणे असतात. शून्याच्या वर जाऊ पाहणारा आवाज कापला जातो आणि फाटतो. पाट काठोकाठ भरून बांध फुटावा तसेच हे. म्हणून बोलण्याचा जोर उणे १२ ते उणे ६ च्या दरम्यान राहील असे पाहावे. संगीत बोलण्यापेक्षा १५ ते २० डेसिबल खाली असावे. आणि जिथे औषधाचे प्रमाण, तारीख किंवा आकडा सांगितला जातो, तिथे संगीत पूर्ण बंद ठेवावे असे आमचे आग्रहाचे सांगणे आहे.

निवेदनाच्या ट्रॅकवर 'रीईक्यू' नावाची सोय बसवून ८० हर्ट्झच्या खालचा भाग कापावा. वाऱ्याचा घोंघाट आणि विजेच्या मोटारीची ५० हर्ट्झची गुणगुण बरीचशी या पट्ट्यात येते. पण मोटारीची १०० आणि १५० हर्ट्झची घरघर बोलण्याच्या पट्ट्यात शिरते, ती अशी निघत नाही. त्यासाठी चित्रीकरणाच्या वेळी पाच मिनिटे मोटार बंद ठेवणे हाच खरा उपाय. माईकवर स्पंजची टोपीही अवश्य घालावी.

६. फाईल काढणे आणि तपासणे

शेवटची फाईल 'वेव्ह' स्वरूपात, ४८,००० आणि २४ बिट अशी काढावी. ती चित्राच्या आरंभापासून अखेरपर्यंत सलग असावी. मग काटछाटीच्या सॉफ्टवेअरमध्ये ती चित्राखाली अगदी शून्यापासून लावावी आणि जुना आवाज बंद करावा.

एकूण आवाज किती मोठा आहे हे 'एलयूएफएस' या मापात मोजतात. रीपरमध्ये ते मोजण्याचा मीटर आहे. यूट्यूब साधारण उणे १४ पेक्षा मोठा आवाज स्वतःच कमी करते. म्हणून उणे १६ ते उणे १४ दरम्यान थांबावे. त्याहून जोर लावून काही पदरात पडत नाही.

आणि शेवटची परीक्षा संगणकावर घेऊ नये. फिल्म साध्या मोबाईलवर टाकून, हेडफोन न लावता, गोठ्यात किंवा चालू ट्रॅक्टरपासून थोड्या अंतरावर ऐकावी. घरातल्या वडीलधाऱ्यांना ऐकवून विचारावे, "आजोबा, औषध किती सांगितलं?" त्यांनी आकडा बरोबर सांगितला तर फिल्म पास.

७. खोडवा ठेवा

एवढी मांडणी दर वेळी करायची का? नाही. चारही ट्रॅक, दोन्ही आकडे आणि ८० हर्ट्झची काट तयार झाली, की 'प्रोजेक्ट टेम्प्लेट' म्हणून ते साठवून ठेवता येते. खोडव्याला पूर्वमशागत नाही आणि बेण्याचा खर्चही नाही, फक्त निगा ठेवायची. तसेच पुढच्या फिल्मला टेम्प्लेट उघडायचे, नवे चित्र टाकायचे, गतीचा आकडा तपासायचा आणि कामाला लागायचे.

ही टेम्प्लेटची फाईल अगदी लहान असते, मोबाईलवरून सहज पाठवता येते. ज्याने ती नीट बसवली त्याने शेजारच्या गावातल्या मुलांना द्यावी. एकाचा अभ्यास दहा जणांच्या कामी यावा, सहकार म्हणतात तो यालाच.

थोडक्यात लक्षात ठेवावे :
• फोल्डर एक, हेडफोन वायरचे.
• मोबाईलचे चित्र आधी एकसारख्या गतीचे करून घ्यावे.
• नमुने ४८,०००, फ्रेमची गती चित्राप्रमाणे.
• सुरुवातीला टाळी, लांब फिल्मला शेवटीही टाळी.
• बोलणे वर, संगीत खाली, आकडा सांगताना संगीत बंद.
• शेवटी साध्या मोबाईलवर परीक्षा आणि टेम्प्लेट जपून ठेवणे.

शिवारात उभे राहून एखादा अनुभवी शेतकरी चार शब्द सांगतो, त्यामागे त्याच्या तीस-चाळीस हंगामांची कमाई असते. ते शब्द वाऱ्यावर जाऊ नयेत, एवढ्यासाठी हा खटाटोप. सभासदांनी हा लेख घरातल्या मुला-मुलींना आवर्जून वाचायला द्यावा, ही विनंती.