सही तिची, कर्ज कुणाचं?

घर आणि कायदा : लेखांक ९

मागच्या लेखात स्त्रीधन पाहिलं. आज जबरदस्तीने माथी मारलेलं कर्ज.

नवरा मारहाणीचा धाक घालून कर्जाच्या अर्जावर सही घेतो, पैसे स्वतः उचलतो, हप्ते मात्र भरत नाही. तगादा येतो बायकोकडे. गटकर्जात तर हप्त्याच्या दिवशी चार बायकांसमोर मान तिलाच खाली घालावी लागते. ‘सही केलीस ना, मग फेड’ असं तिला सांगितलं जातं. कायदा मात्र एवढ्यावर थांबत नाही.

कौटुंबिक हिंसाचारापासून महिलांचे संरक्षण अधिनियम, २००५ यात आर्थिक छळ हाही हिंसाचारच मानला आहे. कलम १२ खाली दंडाधिकाऱ्यांकडे अर्ज करता येतो. आई मुलाविरुद्धही करू शकते. कलम १८ खाली संयुक्त खातं वा लॉकर वापरण्यास मनाई मिळते. हिंसाचारामुळे झालेला खर्च आणि नुकसान कलम २० खाली त्याच्याकडून मागता येतं, म्हणून भरलेले हप्ते अर्जात तारखेनिशी मांडावेत. निकालापूर्वी कलम २३ खाली अंतरिम आदेश मिळू शकतो. संरक्षण आदेश मोडल्यास एक वर्षापर्यंत कैद, २० हजार रुपयांपर्यंत दंड किंवा दोन्ही.

पण हा आदेश नवऱ्यावर चालतो. बँकेचं कर्ज त्याने रद्द होत नाही. त्यासाठी वेगळा आधार शोधावा लागतो. भारतीय करार अधिनियम, १८७२ नुसार जबरदस्तीने मिळवलेल्या संमतीचा करार पीडित व्यक्तीला रद्द करून मागता येतो. जबरदस्ती सावकारानेच केलेली असावी, असं बंधन नाही. ती सिद्ध करण्याचा भार मात्र तिच्यावर असतो. धाकाने कर्जाच्या कागदावर सही घेणं भारतीय न्याय संहितेच्या कलम ३०८ खाली खंडणीचा गुन्हा ठरू शकतो. सहीच खोटी असेल, तर बनावट दस्तऐवजाची तक्रार करावी.

म्हणून पुरावा लवकर जमवा. धमकीचे संदेश, दवाखान्याचे कागद आणि पैसे कोणत्या खात्यात गेले हे दाखवणारा उतारा जपून ठेवा. बँकेला लेखी कळवून पोच घ्या. सिबिलसारख्या प्रत्येक पतमाहिती कंपनीकडून वर्षातून एकदा पूर्ण अहवाल मोफत मिळतो. त्यातल्या चुकीच्या नोंदीबद्दलची तक्रार ३० दिवसांत मिटली नाही, तर पुढे दिवसाला १०० रुपये भरपाई देण्याचा रिझर्व्ह बँकेचा नियम आहे. सूक्ष्म कर्जाच्या वसुलीसाठी सकाळी ९ पूर्वी आणि संध्याकाळी ६ नंतर फोन करायला मनाई आहे.

सक्तीच्या कर्जातून थेट सोडवणारा स्वतंत्र कायदा आपल्याकडे नाही. अमेरिकेत कॅलिफोर्नियाने १ जुलै २०२३ नंतरच्या अशा कर्जांसाठी तो केला आहे. आपल्याकडेही तो व्हायलाच हवा. तोवर वकिलाच्या खर्चापायी कुणी मागे राहू नये: जिल्हा विधी सेवा प्राधिकरणात कोणत्याही उत्पन्नाच्या स्त्रीला वकील मोफत मिळतो. हेल्पलाइन १५१००, महिलांसाठी १८१. पुढच्या सहीआधीच फोन करा.

(पुढील लेखात : जामीनदाराची जबाबदारी)