तान्ह्या बाळाचे सायंकाळचे रडणे

सातारा व सांगली जिल्ह्यांतील खेड्यांत दिवेलागणीच्या सुमारास एखाद्या घरातून तान्ह्या बाळाचा आक्रोश ऐकू येतो. बाळ मुठी आवळते, पाय पोटाशी घेते आणि पाजले तरी शांत होत नाही. मग कोणी दृष्ट काढते, तर कोणी बाळंतिणीच्या खाण्याला दोष देते. वस्तुतः अशा बहुतेक बाळांना कोणताही आजार नसतो.

अमेरिकेतील बालरोगतज्ज्ञ डॉ. मॉरिस वेसेल यांनी १९५४ साली या पोटशूळाचे गमक सांगितले. एरवी निरोगी असलेले बाळ दिवसातून ३ तासांहून अधिक, आठवड्यातून ३ दिवसांहून अधिक व असे ३ आठवड्यांहून अधिक काळ रडत असेल, तर तो पोटशूळ समजावा. हे रडणे दुसऱ्या-तिसऱ्या आठवड्यात सुरू होते, सहाव्या आठवड्याच्या सुमारास शिगेस पोचते आणि तिसऱ्या-चौथ्या महिन्यात आपोआप ओसरते.

उपाय साधे आहेत. बाळाला उभे धरून, पाठीवर हलका हात फिरवून ढेकर काढावी. छातीशी धरून हळूहळू फिरवावे. अंगावरचे पाजणे चालू ठेवावे. बाळंतिणीची भाजी-भाकरी, डाळ तोडू नये. आई थकली असता सासूने, नणंदेने, तसेच बाळाच्या वडिलांनीही बाळाला घ्यावे. रागाच्या भरात बाळाला गदागदा हलवू नये. त्याने मेंदूस इजा होते.

जनावराचे पोट फुगल्यास आपण तेल पाजतो. तो अनुभव बाळाला लावू नये. पहिले ६ महिने आईच्या दुधावाचून घुटी, मध, पाणी काहीही देऊ नये. अफूच्या अंशाने बाळ निजते खरे, परंतु त्याचा श्वास मंदावून जीव जाऊ शकतो. पोटावर डाग देणे तर सर्वथा वर्ज्य होय.

ताप, हिरवी उलटी, शौचात रक्त, फुगून ताठरलेले पोट, दूध न ओढणे किंवा मलूलपणा यांपैकी एकही लक्षण दिसताच घरगुती उपचारांत वेळ न दवडता १०८ क्रमांकावर रुग्णवाहिका बोलवावी व बाळास रुग्णालयात न्यावे.

दवाखान्यात जन्मलेल्या बाळाच्या घरी आशा कार्यकर्ती ३, ७, १४, २१, २८ व ४२ व्या दिवशी भेट देते. यांतील शेवटची भेट रडणे शिगेस पोचण्याच्या वेळीच येते. त्या दिवशी बाळाच्या वजनाबरोबर आईच्या झोपेचीही विचारपूस करावी आणि तिला धीर द्यावा की, यात तिचा दोष नाही आणि हे दिवस सरणारे आहेत.