शाल-श्रीफळाच्या आधी

बार्शी तालुक्यातल्या वैरागहून एसटीने तासाभरात बार्शी येते. या एका तालुक्याने धर्म, समाजकारण, शाहिरी आणि खेळ या चारही वाटांवर मोठी माणसं दिली. त्यांची चरित्रं सांगताना आपण एकच सूर लावतो: कोरडवाहू मुलूख, हलाखी, आणि तिच्यावर मात करणारी जिद्द. मला हा सूर अपुरा वाटतो. नुसत्या हलाखीने माणसं मोठी होत असती, तर या पट्ट्यातल्या घराघरात मोठी माणसं निपजली असती. कष्ट सगळ्यांच्याच वाट्याला येतात. वेळेवर आधार मात्र थोड्यांनाच मिळतो. चरित्रकाराने शोध घ्यायला हवा तो या आधाराचा.

नामदेवांच्या काळातल्या संत जोगा परमानंदांची कथा महिपतींनी ‘भक्तविजया’त सांगितली आहे. गीतेचा एकेक श्लोक म्हणत, दर श्लोकाला दंडवत घालत ते बार्शीच्या भगवंताच्या देवळात जात. एका पावसाळी दिवशी चिखलातली ती निष्ठा पाहून एका व्यापाऱ्याने त्यांना पीतांबर दिला. तो नेसल्यावर त्यांचं सारं लक्ष वस्त्राकडे गेलं. पीतांबराला चिखल लागू नये म्हणून ते जपून दंडवत घालू लागले आणि देवळात पोचायला फार उशीर झाला. चूक उमगली तेव्हा त्यांनी स्वतःला बैलांच्या जुवाला बांधून घेऊन देह फरफटवला. प्रायश्चित्ताची ही रीत आज कुणी मागू नये. पण व्यापाऱ्याचा हेतू चांगला होता आणि तरीही त्याचं दान साधनेच्या आड आलं, ही गोष्ट विसरण्यासारखी नाही. आपले सत्कार बहुधा असेच असतात. ते उशिरा येतात आणि ज्याचं काम चाललेलंच आहे त्यालाच मिळतात.

आधार कसा असतो, ते कर्मवीर मामासाहेब जगदाळे यांच्या कामात दिसतं. 1903 साली तालुक्यातल्याच चारे गावी जन्मलेल्या मामांनी 1934 मध्ये बार्शीत शिक्षणसंस्था उभी केली. खेड्यातल्या पोराला शाळेआधी जेवणाची आणि निजण्याची सोय लागते, हे ओळखून त्यांनी बोर्डिंगला महत्त्व दिलं. पुढे नाव काढणारा मुलगा कोणता, हे प्रवेशाच्या दिवशी कुणालाच ठाऊक नसतं. म्हणून बोर्डिंगचं दार सगळ्यांसाठी उघडं ठेवावं लागतं. मामांच्या या समाजकारणाला मी राजकारणही म्हणतो, कारण सार्वजनिक साधनं कुणाच्या वाट्याला जावीत, हाच राजकारणाचा मूळ प्रश्न आहे.

यावर कुणी म्हणेल, शाहीर अमर शेख बार्शीत जन्मले खरे, पण गाजले मुंबईत. मग गावाचं श्रेय ते काय? आक्षेप रास्त आहे, पण त्यातून माझंच म्हणणं पक्कं होतं. 1916 साली जन्मलेल्या या गिरणी कामगाराच्या आवाजाला कामगार चळवळीने व्यासपीठ दिलं. 1944 मध्ये अण्णा भाऊ साठे आणि द. ना. गवाणकर यांच्यासह लाल बावटा कलापथक उभं राहिलं आणि तोच आवाज पुढे संयुक्त महाराष्ट्राच्या लढ्यात घुमला. म्हणजे गळा बार्शीचा आणि आधार चळवळीचा. खेळातही हेच दिसतं. बार्शीच्याच टेनिसपटू प्रार्थना ठोंबरे हिने 2014 च्या इंचॉन आशियाई स्पर्धेत सानिया मिर्झासोबत दुहेरीचं कांस्यपदक मिळवलं. 2016 मध्ये ही जोडी रिओ ऑलिंपिकलाही खेळली. टेनिस हा एकटीने शिकण्याचा खेळ नाही. त्याला कोर्ट लागतं, समोरून चेंडू परतवणारं कुणीतरी लागतं, आणि पदकाची खात्री नसताना वर्षानुवर्षं खर्च सोसणारं माणूस लागतं.

लहान गावाकडे एवढा पैसा कुठून येणार, ही अडचण खोटी नाही. पण मी ऑलिंपिकचं मैदान मागत नाही. वैराग आता नगरपंचायतीचं गाव आहे. पहाटे सरावाला उघडं असणारं एक पटांगण, खेड्यांतून एसटीने येणाऱ्या मुलींना शेवटच्या गाडीपर्यंत बसता येईल अशी अभ्यासिका, आणि गाणाऱ्या पोरांसाठी पेटी-ढोलकी ठेवलेली एक खोली, एवढं तिथे झालं तरी पुष्कळ. त्यातून कोण घडेल हे आज सांगता येणार नाही. ते ठाऊक नसतानाच खर्च करावा लागतो. मामांनी तेच केलं होतं.