औषधाचें माप

एके काळीं दवाखान्यांतून घरीं येणाऱ्या मिक्श्चरच्या बाटलीवर खांचा पाडलेली कागदाची एक पट्टी चिकटवलेली असे. एका वेळीं एक खांच, म्हणजे एक डोस, एवढें घरच्या माणसांना ठाऊक असलें म्हणजे पुरे होई. ग्रेन किती, ड्रॅम किती, हा सारा हिशेब कंपाउंडरनें आधींच उरकलेला असे. आज ती पट्टी गेली. औषध कारखान्यांतून बंद बाटलींत येतें, आणि त्याचें माप घेण्याचें काम घरांतल्या आईला, सुनेला किंवा मुलाला करावें लागतें. म्हणून पूर्वीं कंपाउंडरच्या डोक्यांत असलेलें थोडेंसें गणित आतां घरांत येणें अवश्य झालें आहे.

या गणितांत दोन जातींचीं मापें आहेत, आणि तीं एकमेकांत मिसळलीं कीं घोटाळा होतो. मिलिग्रॅम हें वजनाचें माप. औषधाचा खरा अंश किती, हें तें सांगतें. मिलिलिटर हें द्रवाचें माप. बाटलींतून किती ओतावयाचें, हें तें सांगतें. एक ग्रॅम म्हणजे १००० मिलिग्रॅम, आणि एक मिलिग्रॅम म्हणजे १००० मायक्रोग्रॅम. हें कोष्टक कधीं बदलत नाहीं. परंतु एका मिलिलिटरांत किती मिलिग्रॅम, याचें असें एकच कोष्टक नाहीं. तें ज्या त्या बाटलीवर छापलेलें असतें आणि औषधागणिक बदलतें.

तापावरील पॅरासिटामॉल हें याचें घरोघरचें उदाहरण होय. मुलांसाठीं त्याचें एक सिरप असें मिळतें कीं, त्याच्या ५ मिलिलिटरांत १२५ मिलिग्रॅम औषध असतें. दुसऱ्या सिरपच्या तेवढ्याच द्रवांत २५० मिलिग्रॅम असतें. तान्ह्या मुलांकरितां थेंब मिळतात, त्यांच्या तर एकाच मिलिलिटरांत १०० मिलिग्रॅम असतें. आतां डॉक्टरांनीं पहिल्या सिरपचे ५ मिलिलिटर सांगितले आणि मध्यरात्रीं हातीं दुसरी बाटली लागली, तर मुलाच्या पोटांत दुप्पट औषध जाईल. थेंबांच्या बाटलींतून तेवढेंच ओतलें, तर चौपट! सर्वांत लहान बाळासाठीं असलेली बाटली सर्वांत तीव्र असते, कारण बाळाला थोडक्या द्रवांतच सारें औषध पाजावें लागतें. पॅरासिटामॉलचें प्रमाण फार झालें तर यकृताला इजा पोंचते, आणि पहिल्या दिवशीं तिचीं चिन्हें दिसतीलच असें नाहीं.

औषधाचा चहाचा चमचा म्हणजे ५ मिलिलिटर आणि मोठा चमचा म्हणजे १५, असें पुस्तकांत सांगितलेलें असतें. परंतु स्वयंपाकघरांतला चमचा पुस्तक पाहून घडवलेला नसतो. कोणत्या चमच्यांत ५ मिलिलिटर मावतात, कोणत्यांत कमी, तर कोणत्यांत बरेच अधिक. म्हणून बाटलीबरोबर आलेलें खुणांचें टोपण, किंवा सुई नसलेली पिचकारी, हेंच खरें माप.

मापाइतकाच धोका लिहिण्यांत आहे. एक मिलिग्रॅम लिहितांना "१.०" असें लिहिलें आणि दशांशचिन्ह पुसट उमटलें, तर तें दहा वाचलें जातें. अर्धा मिलिग्रॅम नुसता ".५" असा लिहिला, तर तेंच पांच होतात. म्हणून पूर्णांकापुढें शून्य देऊं नये, आणि दशांशचिन्हाच्या आधीं शून्य गाळूं नये, असा नियम आहे.

चिठ्ठीवरील अक्षरें हीं बहुधा लॅटिन शब्दांचीं आद्याक्षरें असतात. बी.डी. म्हणजे दिवसांतून दोनदां, टी.डी.एस. म्हणजे तीनदां, एच.एस. म्हणजे निजतेवेळीं, एस.ओ.एस. म्हणजे गरज पडली तरच. ओ.डी. म्हणजे आपल्याकडे दिवसांतून एकदां. परंतु नेत्रवैद्यकांत हींच अक्षरें उजवा डोळा दाखवितात! अमेरिकेंत क्यू.डी. म्हणजे रोज एकदां आणि क्यू.आय.डी. म्हणजे रोज चारदां. मध्यें एक अक्षर, आणि अंतर चौपटीचें. रुग्णालयांना मान्यता देणाऱ्या तेथील जॉइंट कमिशननें २००४ सालीं अशा घातक संक्षेपांची यादीच केली. त्यांत क्यू.डी. होतें, तसेंच युनिट या शब्दाचें इंग्रजी आद्याक्षरही होतें. कारण घाईंत तें शून्यासारखें दिसतें आणि ४ युनिटांचे ४० होतात. भारतांतही २०१६ पासून औषधांचीं नांवें सुवाच्य, आणि शक्यतों मोठ्या इंग्रजी अक्षरांत लिहावीं, असा डॉक्टरांसाठीं नियम आहे.

युनिटांचा प्रश्न मधुमेह असलेल्या घरांत विशेष जिव्हाळ्याचा आहे. भारतांत इन्शुलिन दोन तीव्रतांचें मिळतें. एकाच्या मिलिलिटरांत ४० युनिट, दुसऱ्याच्या मिलिलिटरांत १००. प्रत्येकाची सिरिंज निराळी असते. ४० च्या सिरिंजचें टोपण बहुधा लाल, १०० च्या सिरिंजचें नारिंगी. शंभरच्या कुपींतलें इन्शुलिन चाळीसच्या सिरिंजनें २० च्या खुणेपर्यंत ओढलें, तर शरीरांत २० नव्हे, ५० युनिट जातात, आणि साखर एकाएकीं उतरून रोगी बेशुद्ध पडूं शकतो. उलट अदलाबदल झाली तर केवळ ८ युनिट जातात आणि साखर चढत राहते. खूण तीच, हात तोच. चूक एवढीच कीं, कुपी आणि सिरिंज यांचे आंकडे जुळवून पाहिले नाहींत.

सारांश, नुसता आंकडा म्हणजे डोस नव्हे. आंकडा, त्याचें माप आणि औषधाची तीव्रता, हीं तिन्ही एकत्र वाचलीं म्हणजेच डोस कळतो. डॉक्टरांसमोरून उठण्यापूर्वीं "किती मिलिलिटर, दिवसांतून किती वेळां, किती दिवस" हें विचारून पुऱ्या शब्दांत लिहून घेण्यांत संकोच कसला? संधिवातावरील मेथोट्रेक्झेट आठवड्यांतून एकदांच घ्यावयाचें असतें. तें चुकून रोज घेतलें तर प्राणावर बेततें. अशा औषधाचा तर वारही लिहून ठेवावा.

घरीं आल्यावर बाटलीवर एक कोरा कागद चिकटवून त्यावर कोणासाठीं, किती आणि केव्हां, हें स्वच्छ मराठींत लिहावें. कंपाउंडरची पट्टी गेली खरी. पण तिची जागा भरून काढावयास एक कागद आणि दोन मिनिटें एवढेंच लागतें.